अँटीव्हायरस सगळी रॅम खातोय, सिझनच्या तोंडावर काय करू?

कातळसडा

नमस्कार मंडळी. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत आणि पेट्या थेट गिऱ्हाइकांना पाठवायचं काम मी बघते. ऑर्डरी, बिलं, पार्सलची लेबलं, सगळं एकाच डेस्कटॉपवर. मशीन जुनं आहे: तिसऱ्या पिढीचा कोअर आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मागच्या सिझनला विनातक्रार चाललं. यंदा दुकानदाराने नवा अँटीव्हायरस घालून दिला, विकतचा, वर्षाच्या लायसन्सचा, आणि तेव्हापासून रडगाणं सुरू. एक्सेलची फाइल उघडायला टाकायची, चहाचं आधण ठेवायचं, चहा होतो पण फाइल उघडलेली नसते.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९० टक्क्यांच्या वर. अँटीव्हायरसच्या नावाने काही प्रोसेस दिसतात, मिळून ४०० एमबीच्या आसपास. दुकानदार म्हणतो रॅम वाढवा. पुतण्या म्हणतो अँटीव्हायरस उडव. उडवला तर चालेल का? लेबलं छापायला पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे जावं लागतं आणि येताना शॉर्टकट व्हायरस घेऊन यायचा आमच्याकडे इतिहास आहे.

अजून एक गोष्ट, कामाची आहे की नाही ठाऊक नाही. लाईट जाऊन मशीन धाडकन बंद पडलं (यूपीएसची बॅटरी केव्हाच गेलीय) की पुढचे एक-दोन दिवस ते बरं चालतं. मग हळूहळू पुन्हा रांगायला लागतं.

पायरीचा_आंबा

लाईट जाण्याचे फायदे असा वेगळा धागा काढा. पहिला प्रतिसाद तुमचा, पुढचे कुणाला सुचतील असं वाटत नाही.

गजालवाडी

ताई, मी कुडाळाक मशिनी दुरुस्त करतंय. ४ जीबीत विंडोज धा, क्रोम आणि वर विकतचो अँटीव्हायरस म्हणजे एका खाटेर तीन पावणे. रॅम वाढवा, दुसरो उपाय नाय. डीडीआर-थ्रीची जुनी पट्टी अजून गावता. पण घेण्याआधी दुसरो स्लॉट रिकामो हा काय तां बघा.

खाडीपलीकडे

रॅम वाढवून नुकसान काहीच नाही, पण त्याआधी बेरीज करू. अँटीव्हायरसने ४०० एमबी घेतली यात मला फारसं नवल वाटत नाही. प्रत्येक फाइल उघडताना ती तपासायची, तर व्हायरसच्या ओळखखुणांचा साठा हाताशी, म्हणजे मेमरीत, ठेवावाच लागतो. दर वेळी डिस्कवरून आणत बसला तर मशीन याहून रडेल. विंडोजचा स्वतःचा डिफेंडरसुद्धा दीडदोनशे एमबी सहज घेतो, स्कॅन चालू असताना जास्त.

मला खटकतंय ते तुमचं शेवटचं वाक्य. लाईट गेल्यावर बरं चालतं, मग हळूहळू बिघडतं. तुम्ही हे करा: कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’वर क्लिक करा. खाली ‘पेज्ड पूल’ आणि ‘नॉन-पेज्ड पूल’ असे दोन आकडे असतील. मग ‘सीपीयू’वर क्लिक करून ‘अप टाइम’, म्हणजे मशीन सलग किती वेळ चालू आहे, ते बघा. आणि प्रोसेसच्या यादीतल्या मेमरीची ढोबळ बेरीज एकूण वापराशी जुळते का ते सांगा.

टेबलखुर्ची

मी चिपळूणला एका सीएंच्या ऑफिसात आहे. आमच्याकडे टॅली असंच रडायचं. अँटीव्हायरसच्या सेटिंगमध्ये जाऊन टॅलीच्या डेटाचं फोल्डर ‘एक्सक्लूजन’मध्ये, म्हणजे न तपासायच्या यादीत, टाकलं आणि एंट्री करताना अडकणं थांबलं. टॅली दर एंट्रीला त्याच त्याच फाइली उघडते-लिहिते आणि अँटीव्हायरस दर वेळी मध्ये नाक घालतो. ताई, तुमची एक्सेलची फाइल असेल त्या फोल्डरला हेच करून बघा.

कातळसडा

@खाडीपलीकडे, दुपारी मशीन सगळ्यात मठ्ठ असतं तेव्हा बघितलं. यादीतलं सगळं मिळून १.८ जीबीच्या आत भरतंय. वापरात मात्र ३.५ जीबी. पेज्ड पूल ३१० एमबी. नॉन-पेज्ड पूल १.३ जीबी. अप टाइम तीन आठवड्यांच्या वर दाखवतंय, तो आकडा चुकीचा असणार. मी रोज रात्री रीतसर शट डाउन करते, मेन स्विचसुद्धा बंद करते.

हर्णैबंदर

मी पण रांगेत. मासळीचा हिशोब ठेवतो, मशीन याच वयाचं, अँटीव्हायरसही विकतचा. फरक एवढाच की माझ्यात ८ जीबी आहे, ४-४ च्या दोन पट्ट्या. तरी ‘मेमरी’त एकूण ३.९ दाखवतंय. अँटीव्हायरस निम्मी रॅम स्वतःकरता राखून ठेवतो का?

खाडीपलीकडे

@हर्णैबंदर, नाही. कुठलाही अँटीव्हायरस ‘एकूण’चा आकडा कमी करू शकत नाही, तो फक्त वापराचा वाढवतो. तुमची एक पट्टी मशीनला दिसतच नाहीये. त्याच पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. पुढचं गजालवाडीकर सांगतील, ते त्यांचं शेत.

@कातळसडा, सापडलं बहुतेक. जरा लांबण लावतो, कारण हे कळलं तर दुकानदाराशी बोलताना बळ येईल.

आधी ते अप टाइम. आकडा बरोबर आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली आणि बऱ्याच मशीनवर ती आपोआप चालू असते. तिच्यामुळे शट डाउन केलं की फक्त तुमचे उघडे प्रोग्राम बंद होतात आणि तुमचं लॉगिन सुटतं. विंडोजचा गाभा आणि त्यात बसलेले ड्रायव्हर (गाभ्यात राहून काम करणारे छोटे प्रोग्राम), सर्व्हिसेस, हे सगळं आहे त्या स्थितीत डिस्कवरच्या एका फाइलीत लिहून ठेवलं जातं, आणि सकाळी तेच परत मेमरीत आणून उभं केलं जातं. मेन स्विच बंद केल्याने त्या फाइलीला काही होत नाही. म्हणजे तुमच्या मशीनचा गाभा गेले तीन आठवडे नव्याने सुरूच झालेला नाही. कालचा कचरा आज, आजचा उद्या.

‘रीस्टार्ट’ला मात्र हा आडमार्ग नाही, तिथे सगळं मुळापासून सुरू होतं. आणि मशीन चालू असताना लाईट गेली तर ती फाइल लिहायला वेळच मिळत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी मुळापासून सुरुवात. म्हणून लाईट गेल्यावर बरं चालत होतं. (म्हणून मेन स्विच पाडायची सवय लावू नका. हार्ड डिस्क लिहीत असताना वीज गेली तर एखाद दिवशी सिझनचं सगळं खातं जाईल.)

आता तो १.३ जीबीचा आकडा. नॉन-पेज्ड पूल म्हणजे ड्रायव्हरांनी विंडोजकडून मागून घेतलेली अशी मेमरी जी डिस्कवर सारता येत नाही, रॅममध्येच राहावी लागते. ती कुठल्याच प्रोसेसच्या नावावर पडत नाही, म्हणून तुमची बेरीज जुळली नाही. एवढ्या रॅमच्या मशीनवर हा आकडा शंभर-दोनशे एमबी असावा. तुमच्याकडे कुठला तरी ड्रायव्हर मेमरी मागतोय आणि काम झालं की परत करत नाहीये. अँटीव्हायरसचा प्रत्येक फाइल अडवून तपासणारा भाग ड्रायव्हरच असतो, त्यामुळे संशयित तो आहे, पण अजून संशयितच.

दोन गोष्टी करा. एक, आज ‘रीस्टार्ट’ करा आणि नॉन-पेज्ड पूलचा आकडा वहीत लिहा, पुढे रोज संध्याकाळी लिहा. दोन, स्टार्टमध्ये सी-एम-डी टाइप करून कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक, ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’, आणि त्या काळ्या खिडकीत एफ-एल-टी-एम-सी ही पाच अक्षरं सलग लिहून एंटर. फाइलींच्या वाटेवर कोणकोण पहारेकरी बसलेत त्यांची यादी येईल. ती इथे लिहा.

गजालवाडी

ह्या माझ्या डोक्यात नाय इला. बरोबर हा.

@हर्णैबंदर, बंदरावर खारी हवा. पट्टीचे सोनेरी पाय काळे पडतत. प्लग काढा, पट्टी काढा, शाळेतल्या साध्या खोडरबरान पाय हळू घासा, कपच्या नीट पुसा, परत घट्ट बसवा, दोन्ही बाजूंची कुलपं ‘टक’ आवाज करून लागाक व्हयी. नाय दिसली तर पट्ट्यांची अदलाबदल करून बघा, पट्टी गेली की स्लॉट तां कळात. समुद्राच्या बाजूच्या खिडकीखाली सीपीयू ठेवू नकात.

उरणकर

@टेबलखुर्ची, एक्सक्लूजनचा सल्ला देताना जरा जपून. टॅलीच्या डेटाचं एकच फोल्डर वगळलं तर ठीक. पण ‘मशीन हळू आहे’ म्हणून लोक डाउनलोड्स वगळतात, कुणी अख्खा डी ड्राइव्ह वगळतात, आणि मग लायसन्सचे पैसे कशाचे भरले ते त्यांनाच ठाऊक. ताईंची एक्सेल जिथे आहे तिथेच गिऱ्हाइकांनी मेलवर पाठवलेल्या फाइली येऊन पडत असतील तर ते फोल्डर अजिबात वगळू नये.

आम्ही न्हावा-शेवाच्या आसपास काम करणारी माणसं. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे व्हायरसचं लोण आलं तेव्हा इथल्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. मूळ शिरकाव कुठून, तर युक्रेनमधल्या हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे ज्याच्यावर विश्वास ठेवून लोक वाट मोकळी सोडतात अगदी तिथूनच. ज्या फटीतून ते आणि त्याआधी मे महिन्यात वॉनाक्राय हे तसंच लोण पसरलं, ती बुजवणारं विंडोजचं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं. अँटीव्हायरस कुठला, यावर लोक तासभर वाद घालतात आणि अपडेटची खिडकी आली की ‘नंतर’ दाबतात.

टेबलखुर्ची

मान्य. मी डेटाच्या एकाच फोल्डरचं म्हणत होतो, स्पष्ट लिहायला हवं होतं एवढंच. आमचं चिपळूण असल्यामुळे आम्ही व्हायरसपेक्षा पाण्याला जास्त भितो. जुलै २०२१ च्या पुरात बाजारपेठेतले सीपीयू चिखलातून काढावे लागले. ज्यांचा बॅकअप दुसऱ्या गावात किंवा ऑनलाइन होता त्यांचे हिशोब वाचले. बाकीच्यांनी कागदांवरून परत एंट्री केल्या, तेही कागद वाळवून.

पायरीचा_आंबा

प्रश्न अगदी अडाण्याचा आहे. अँटीव्हायरससारख्या भल्या माणसाला गाभ्यात बसवायचंच कशाला? बाहेर ओटीवर बसून तपासू दे की.

खाडीपलीकडे

अडाण्याचा मुळीच नाही, मोठमोठे लोक यावर भांडतात. फाइल उघडण्याआधीच अडवायची तर वाटेतच बसावं लागतं, आणि ती वाट गाभ्यातून जाते. बाहेर बसला तर व्हायरस आत गेल्यावर त्याला कळणार. पण गाभ्यात बसलेल्याची चूक अख्ख्या मशीनला भोवते. १९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहून बोर्डिंग पास दिले. व्हायरस नव्हताच, पहारेकऱ्याचाच पाय घसरला.

कातळसडा

उशीर झाला, फवारणीचे गडी आले होते.

रीस्टार्ट केल्यावर लगेच नॉन-पेज्ड पूल १८० एमबी. पहिल्या संध्याकाळी २४०, मग ३१०, मग ३६५. रोज साठेक वाढतंय. रीस्टार्ट केलेल्या दिवशी मशीन खरंच पळालं, एक्सेल चहाआधी उघडली.

त्या काळ्या खिडकीत बरीच नावं आली. डब्ल्यूडी-फिल्टर आहे. नव्या अँटीव्हायरसच्या नावाशी जुळणारी दोन आहेत. आणि एक तिसरंच नाव, नेटवर शोधलं तर ते दुसऱ्याच कंपनीच्या अँटीव्हायरसचं निघालं. मशीन घेतलं तेव्हा तो काही दिवसांच्या फुकट वापराचा आलेला. दुकानदार म्हणाला होता की नवा घालताना जुना काढला. कंट्रोल पॅनेलच्या यादीत तो खरंच नाही.

खाडीपलीकडे

डब्ल्यूडी-फिल्टर हा विंडोजच्या डिफेंडरचा, तो घरचा. ते तिसरं नाव म्हणजे तुमचा पाहुणा. अँटीव्हायरस साध्या अनइन्स्टॉलने पुष्कळदा पूर्ण निघत नाहीत. ते मुद्दामच चिवट बनवलेले असतात, नाहीतर व्हायरसनेच त्यांना पहिलं उखडलं असतं. प्रोग्राम गेला तरी ड्रायव्हर मागे राहतो आणि दर वेळी विंडोजसोबत उठून बसतो. मग एकच फाइल दोघे पहारेकरी अडवतात, एक दुसऱ्याच्या उघडण्याची तपासणी करतो, दुसरा पहिल्याच्या.

काढायचं असं: त्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवर ‘रिमूव्हल टूल’ शोधा, बहुतेक सगळ्या कंपन्या देतात. दुसऱ्या कुठल्या साइटवरून घेऊ नका, तिथे औषधाच्या नावाखाली रोगच विकतात. आधी ऑर्डरींच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. मग शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करा, त्यातून सेफ मोडमध्ये जा, टूल चालवा, परत रीस्टार्ट. एफ-एल-टी-एम-सी पुन्हा बघा.

आणि फास्ट स्टार्टअप बंद करा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथे वरची निळी ओळ दाबल्याशिवाय खालची खूण काढता येत नाही. सकाळी मशीन उठायला थोडा जास्त वेळ घेईल.

हर्णैबंदर

खोडरबर चाललं! ७.९ दाखवतंय. पट्टीचे पाय बघवत नव्हते, सुकटाचा वास सोडला तर सगळं होतं त्यावर. @गजालवाडी, हर्णैला आलात तर पापलेट माझ्याकडून.

गजालवाडी

पापलेटाच्या नावार माणूस कुडाळात्सून चलत येयत.

कातळसडा

टूल चालवलं, ते तिसरं नाव यादीतून गेलं. त्यानंतर मुद्दाम रीस्टार्ट न करता मशीन चालूच ठेवलं. नॉन-पेज्ड पूल १९० ते २१० च्या मध्ये घुटमळतंय, चढत नाही. मेमरी ७० टक्क्यांच्या आसपास. दुकानदाराला वहीतले आकडे दाखवले तर म्हणाला, ‘तरीपण रॅम टाकून घ्या.’

आता दोन गोष्टी राहिल्या. सकाळी अँटीव्हायरसचं स्कॅन सुरू झालं की डिस्क १०० टक्के दाखवते आणि अर्धा तास काम बंद. आणि मूळ प्रश्न तसाच आहे, हा विकतचा ठेवू की काढू?

खाडीपलीकडे

स्कॅनची वेळ बदला. सेटिंगमध्ये ‘शेड्यूल्ड स्कॅन’ असेल, जेवणाची वेळ टाका. १०० टक्के येतं कारण ती फिरणारी हार्ड डिस्क आहे. शेकडो लहान फाइली वाचताना तिचं मुंडकं इकडून तिकडे धावत राहतं. एसएसडी (न फिरणारी, चिपवर चालणारी डिस्क) लावलीत तर फरक रॅमपेक्षाही जास्त जाणवेल. अडीच इंची साधी साटा एसएसडी तुमच्या मशीनला चालते, जुन्या डिस्कची नक्कल तिच्यावर उतरवता येते. पैसे एकाच गोष्टीला असतील तर मी आधी एसएसडी घेईन, मग रॅम.

ठेवायचा की काढायचा यावर माझं मत: काढा. बाहेरचा अँटीव्हायरस निघाला की डिफेंडर आपोआप जागा होतो. तो ठरलेल्या वेळच्या स्कॅनला प्रोसेसरचा मुळात ५० टक्क्यांपर्यंतच हात लावू देतो, हवं तर तो आकडा कमी करता येतो. जागा झाला की नाही बघायला ‘आयकार’ची चाचणी फाइल उतरवून बघा. ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे, सगळे अँटीव्हायरस तिला व्हायरस समजायचं असं ठरलेलं आहे. डिफेंडरने आरडाओरडा केला म्हणजे पहारा चालू.

गजालवाडी

हयसर माझा जमणा नाय. माझ्याकडे येणाऱ्या दहा मशिनींत अर्धी पेन ड्राइव्हान मेलेली असतत. झेरॉक्सवाल्याकडचो पेन ड्राइव्ह लावणाऱ्यान विकतचो ठेवचो, पैसे दिलेलेच हत. वर्ष सरल्यावर बघा.

उरणकर

पेन ड्राइव्ह नेताच कशाला हा माझा प्रश्न. लेबलांची पीडीएफ करून झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. नाहीतर लहानसा लेबल प्रिंटर घ्या, शाई लागत नाही, उष्णतेवर छापतो. सिझनभर झेरॉक्सला घालता त्यातला बराच भाग सुटेल. शॉर्टकट व्हायरस फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढे करतो, आपण डबल क्लिक करतो म्हणून तो चालतो. पेन ड्राइव्हच फिरला नाही तर त्याला यायला वाटच नाही.

आणि ताई, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे लक्षात आहे ना? तिसऱ्या पिढीच्या आय-थ्रीवर विंडोज ११ रीतसर जात नाही, इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. घरगुती वापराला जादा सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्यासाठी सेटिंगमधल्या अपडेटच्या पानावर नाव नोंदवावं लागतं. डिफेंडरच्या ओळखखुणा मायक्रोसॉफ्ट ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार आहे, पण खिडकी मोडकी असताना नुसता पहारेकरी ठेवून भागत नाही. हा सिझन या मशीनवर काढा. एसएसडी घ्याच, ती उद्या दुसऱ्या मशीनमध्ये लावता येते. डीडीआर-थ्री रॅम मात्र नव्या मशीनला बसत नाही, म्हणून तिच्यावर खर्च करायला माझी ना.

कातळसडा

हे रॅमचं पटलं. एसएसडी सांगितली आहे, लेबल प्रिंटर बघते. अपडेटच्या पानावर नाव नोंदवलं. अँटीव्हायरस एसएसडी लावताना काढेन म्हणते (गजालवाडीकर, रागावू नका). पण त्याचं लायसन्स अजून बरंच शिल्लक आहे, ते दिरांच्या लॅपटॉपवर टाकता येईल का?

टेबलखुर्ची

सहसा येतं. मशीनला इंटरनेट चालू असतानाच अनइन्स्टॉल करा म्हणजे कंपनीकडे ते लायसन्स मोकळं झाल्याची नोंद होते. नेट बंद ठेवून काढलात तर दिरांच्या लॅपटॉपवर ‘की आधीच वापरात’ असं येईल आणि मग कस्टमर केअरला फोन करत बसावं लागेल. की लिहिलेला खोक्यातला कागद जपून ठेवलाय ना?

कातळसडा

आहे, पावतीला टाचलेला.